सही नसलेले व्हाउचर

शेजाऱ्यांची भाची बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळा खेड्यातली, मराठी माध्यमाची. बारावीचे गुण उत्तम. परवा ती एका रुग्णाचा केअर प्लॅन घेऊन आली. "काका, तुम्ही लेखक ना? एवढं इंग्रजी नीट करून द्या."

इंग्रजी ठीकच होते. मी सहज विचारले, "आजींना ताप किती होता?" तिने मान खाली घातली. "ताप नव्हता, काका. सीनियर ताईंच्या वहीतून उतरवलं."

मला राग आला नाही. कर्जप्रस्तावावरची माझी पहिली टिपणीही जुन्या फाइलवरूनच उतरवलेली होती. व्यवस्थापकांनी ती परत केली आणि एवढेच विचारले, "अर्जदाराची विहीर पाहिलीत का?" दुसऱ्या दिवशी पाहून आलो. मग टिपणी लिहायला जड गेली नाही.

भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 च्या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात इंग्रजी आहे, पुढे संशोधन आणि संख्याशास्त्रही आहे. पण विषय वेळापत्रकात असणे वेगळे आणि मुलीला लिहायला शिकवणे वेगळे. बारावीपर्यंत आपण तिला पाठांतराचे गुण दिले आणि विद्यापीठाच्या दारात पाऊल टाकताच 'स्वतःच्या शब्दांत लिही' म्हणून दटावले. मधली पायरी कोणी बांधायची?

कोणी म्हणेल, नर्सला हात हलका हवा, निबंध कशाला? क्रिमियन युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आकडे आणि आकृत्या मांडून दाखवून दिले, की सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक मेले. त्यांच्या हातातला दिवा आपल्या लक्षात राहिला. लेखणी आपण विसरलो. वॉर्डात पाळी बदलते, तेव्हा पुढच्या सिस्टरच्या हाती आधीचीने लिहिलेलेच तर असते. त्या कागदावर उसना ताप असेल, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

उपाय फार खर्चाचा नाही. आठवड्यातून एक तास, तोही वॉर्ड ठाऊक असलेल्या शिक्षिकेबरोबर. पाहिलेले आधी मराठीत लिहू द्यावे, मग इंग्रजीत. पहिल्या खर्ड्याला गुण नकोत. समासात प्रश्न हवेत. आणि दुसऱ्याचे वाक्य घेतले तर त्याचे नाव लिहायची सवय पहिल्या महिन्यातच लावावी. बँकेत सही नसलेले व्हाउचर कोणी पुढे सरकवत नाही. कुठून आले ते न सांगणारे विधानही तसेच समजावे. अर्थात यासाठी शिक्षिकांच्या जागा भरलेल्या हव्यात आणि एकीच्या माथी शंभर वह्या नकोत. हे काम विद्यार्थिनींचे नाही, संस्थाचालकांचे आहे.

आठवड्याने ती पुन्हा आली. कागदावर मराठीत होते : 'आजींना ताप नाही. रात्री झोप लागत नाही. घरी म्हशीकडे कोण बघतं, ही काळजी आहे.'

यात मी काहीच दुरुस्त केले नाही. इंग्रजी तिचे तिनेच केले.