गोपनीयतेचा फोन घेतांना यंत्राची पारख

बैल विकत घेतांना त्याच्या शिंगांस लावलेला रंग पाहून कोणी शेतकरी पैसे मोजीत नाहीं. तो दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो आणि मगच व्यवहार ठरवितो. फोनच्या बाबतींत मात्र आपण ही पारख विसरतों. हल्लीं आमच्या संघाचे कांहीं सभासद "गोपनीयता राखणारा फोन कोणता घ्यावा?" असें आम्हांस विचारूं लागले आहेत. प्रश्न योग्य आहे. परंतु विचारणाऱ्यांचें सर्व लक्ष प्रणालीकडे, म्हणजे फोन चालविणाऱ्या सॉफ्टवेअरकडे असतें. ती ज्या यंत्रावर बसावयाची, त्याकडे दुर्लक्ष होतें. हा क्रम उलटा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

शेतकऱ्यास लपवावयाचें तें काय, असें कोणी म्हणेल. आज सातबारा, बँकेचें खातें, पीक-कर्जाची मुदत व व्यापाऱ्याशीं झालेलें बोलणें हें सर्व फोनमध्यें आहे. महाराष्ट्रांत २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणीची नोंदही शेतकऱ्यास स्वतःच्या फोनवरून करतां येऊं लागली. पूर्वीं बाजारांत रुमालाखालीं हात घालून भाव ठरे. त्या हत्ता पद्धतींत व्यापाऱ्याचा आंकडा झांकलेला असे व आपला माल उघड्यावर पडलेला असे. नुकसान कोणाचें झालें हें सांगावयास नको. आपल्यापाशीं माल किती आणि कर्जाची निकड किती, हें समोरच्यास आधींच कळलें तर सौद्यांत आपली बाजू लंगडी पडते. सर्वोच्च न्यायालयानें २०१७ च्या ऑगस्टमध्यें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो केवळ शहरवासीयांपुरता नाहीं.

आतां यंत्राकडे वळूं. ग्राफीन-ओएस ही गोपनीयतेकरितां नांवाजलेली प्रणाली आहे. ती फुकट मिळते व तिची अंतर्गत रचना कोणासही तपासतां येते. तथापि आजपावेतों ती गूगलच्या पिक्सेल फोनांसाठींच तयार होत आली आहे. गूगलच्या नजरेपासून दूर राहूं इच्छिणारानें गूगलचाच फोन घ्यावा, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. त्याचें कारण यंत्रांत आहे. पिक्सेल ६ पासून, म्हणजे २०२१ पासून, त्यांत टायटन एम२ नांवाची निराळी सुरक्षा-चिप असते. फोन उघडण्याचा गुप्त अंक कोणी एकामागून एक चालवून पाहूं लागल्यास ही चिप त्यास अधिकाधिक काळ थांबावयास लावते. दुसरें असें कीं, मालकानें स्वतः बसविलेल्या प्रणालींत कोणी मागाहून हात घातला आहे काय, हें फोन सुरू होतांना तपासण्याची सोय त्यांत कायम राहते. पुष्कळ फोनांत मूळ प्रणाली काढली कीं हा पहारा उठतो. तिसरें, २०२३ च्या पिक्सेल ८ पासून मेमरी-टॅगिंग आलें आहे. जमिनीच्या तुकड्यांस गट क्रमांक असावेत, तशा फोनच्या मेमरींतील तुकड्यांस खुणा दिल्या जातात, आणि खूण जुळत नसतां एखाद्या प्रोग्रामनें तेथें हात घातला तर तो अडविला जातो. या गोष्टी यंत्रांतच असाव्या लागतात. सॉफ्टवेअर बदलून त्या मागाहून आणतां येत नाहींत.

नुसत्या चांगल्या हेतूनें भागत नाहीं, याचें उदाहरण अमेरिकेंतील लिब्रेम ५ हा फोन होय. २०१७ सालीं लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन तो योजिला गेला. कॅमेरा व मायक्रोफोन, वाय-फाय व ब्लूटूथ, आणि मोबाइल-संपर्क हीं बंद करण्यास त्याच्या अंगावर तीन खरीखुरीं बटणें आहेत. ही कल्पना आम्हांस फार पसंत आहे. परंतु वायदा २०१९ च्या जानेवारीचा असून मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू होण्यास २०२० ची अखेर उजाडली. मेमरी ३ जीबी, जाडी सुमारें १५ मिलिमीटर, आणि मुख्य चिप फोनकरितां म्हणून बनविलेली नव्हे; यामुळें बॅटरी लवकर उतरते व काम मंद चालतें. असा फोन दुपारींच बंद पडला, तर मनुष्य दुसरा साधा फोन खिशांत ठेवूं लागतो आणि अखेर सारी माहिती त्या दुसऱ्या फोनमध्येंच जाते.

यंत्राच्या मजबुतीचा गोपनीयतेशीं आणखी एक संबंध आहे. आमच्या एका सभासदाचा फोन फवारणीच्या वेळीं पडून कांच फुटली. दुरुस्ती करणारानें गुप्त अंक मागितला. यांनीं तो कागदावर लिहून दिला व फोन दोन दिवस दुकानांत ठेवला. पुढें कांहीं विपरीत घडलें नाहीं, परंतु ते दोन दिवस सारें घर परक्याच्या हातीं होतें. धूळ व पाणी सोसणारा आणि सहसा न मोडणारा फोन हें म्हणूनच गोपनीयतेचेंही साधन आहे. नेदरलंड्समधील कंपनीचा फेअरफोन ५ या दृष्टीनें चांगला. त्याची बॅटरी मालकास हातानेंच बदलतां येते. पण तो मुख्यत्वें युरोपांत विकला जातो व ग्राफीन-ओएसच्या यादींत नाहीं. उलट पिक्सेलही निर्दोष नाहीं. पिक्सेल ६ए या फोनांपैकीं कांहींच्या बॅटऱ्या तापण्याचा धोका दिसल्यावरून २०२५ च्या जुलैमध्यें कंपनीनें सक्तीची सुधारणा पाठवून, ४०० वेळां भरून झाल्यावर त्यांची क्षमता कमी केली. जुना ६ए स्वस्तांत मिळत असल्यास हें ध्यानांत असावें.

किंमतीचा आक्षेप खरा आहे. पिक्सेल ८ए हा २०२४ च्या मे महिन्यांत रु. ५२,९९९ भावानें आला व त्यास सात वर्षें सुधारणा देण्याचें कंपनीनें कबूल केलें. म्हणजे वर्षास सुमारें रु. ७,६०० पडले. पंधरा हजारांचा फोन तीन वर्षेंच सुधारणा मिळविणारा असला, तर तो वर्षास रु. ५,००० पडतो. अर्थात् सुरक्षित यंत्र महागच आहे; परंतु फरक वाटतो तेवढा नाहीं. मात्र हीं वर्षें फोन बाजारांत आल्यापासून मोजावींत, आपण घेतल्यापासून नव्हे. मुदत संपली कीं चिपमधील दोष दुरुस्त करणारा कोणी उरत नाहीं. जुन्या फोनवर नवी गोपनीय प्रणाली चढविली तरी ही उणीव भरून निघत नाहीं.

यास्तव आमची शिफारस अशी. प्रथम सुधारणांचीं उरलेलीं वर्षें, निराळी सुरक्षा-चिप व अंगची मजबुती पाहावी, आणि प्रणालीचा विचार त्यानंतर करावा. परदेशांतून आलेला वापरलेला फोन घेतांना त्याचा बूटलोडर उघडतो काय, हें दुकानांतच पाहावें, कारण तेथील कांहीं टेलिफोन-कंपन्यांनीं विकलेल्या पिक्सेलमध्यें तो उघडत नाहीं व मग प्रणाली बदलतां येत नाहीं. आपल्या गांवच्या जाळ्यावर बोलणें होतें काय, हेंही तेथेंच पाहावें. जिओचें जाळें २जी व ३जी वर चालतच नाहीं. प्रणाली बदलल्यावर कांहीं बँकांचीं ॲपें चालत नाहींत, तेव्हां आपल्या बँकेची चौकशी आधीं करावी. ज्यास हा खर्च झेपत नाहीं, त्यानें निदान सुधारणा चालू असलेला मजबूत फोन घ्यावा, अनावश्यक ॲपें काढावीं आणि गुप्त अंक कोणासही लिहून देऊं नये. कर्ज काढून मात्र कोणीही असा फोन घेऊं नये. गोपनीयता राखावयाची ती आपलें स्वातंत्र्य टिकावें म्हणून, आणि कर्जानें तेंच आधीं जातें.