कौतुकाची वर्गणी

सातपुड्याच्या पायथ्याशी तळोद्यात किंवा अक्कलकुव्यात एखाद्या मुलाची विभागीय स्पर्धेसाठी निवड झाली, की चौकात फलक झळकतो. फोटो त्याचा एक, शुभेच्छुकांचे पंधरा. मुलगा अजून नाशिकच्या गाडीतही बसलेला नसतो, पण गावाने त्याला भारताची जर्सी चढवलेली असते. हा उत्साह खोटा नसतो. तो फुकटचा असतो, आणि त्याची पावती मात्र मुलाच्या नावावर फाटते.

अमेरिकेतही हे वेड आहे. तिथे बास्केटबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलांना पाच ताऱ्यांपर्यंत मानांकन मिळते. पंचतारांकित पोरगा आपल्या विद्यापीठात येतोय असे कळले, की त्याने एकही बास्केट टाकण्याआधी चाहते अजिंक्यपदाची स्वप्ने रंगवतात. पण तिथला चाहता तिकीट काढतो, विद्यापीठाला देणगी देतो; त्यातून प्रशिक्षकाचा पगार निघतो, हॉल उभा राहतो. पोरगा चमकला नाही तरी हॉल पुढच्या पोरांसाठी शिल्लक असतो. आपल्याकडे शिल्लक राहतो तो फाटका फलक.

२०१५ मध्ये पंजाबच्या सतनामसिंग भामराला एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने ५२व्या क्रमांकावर निवडले, तेव्हा भारतीय बास्केटबॉलचे नशीब उघडल्याचे आपण जाहीर करून टाकले. तो एनबीएचा एकही सामना खेळला नाही. त्याहून बोचरे उदाहरण आपल्या घरचे आहे.

५ जानेवारी २०१६ रोजी कल्याणच्या प्रणव धनावडेने आंतरशालेय क्रिकेट सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या आणि १८९९ पासूनचा, इंग्लंडच्या कॉलिन्सचा नाबाद ६२८चा विक्रम मोडला. रिक्षाचालकाचा मुलगा रातोरात ‘उद्याचा सचिन’ झाला. समोरचा संघ कच्चा होता, एका बाजूची सीमा आखूड होती, हे तेव्हाच छापून आले होते. ते वाचायला सवड कोणाला होती? मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली, हे चांगलेच झाले. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात कल्याणच्या सुभाष मैदानावर केंद्रीय मंत्र्यांसाठी हेलिपॅडची तयारी सुरू झाली. सराव करणाऱ्या प्रणवने हरकत घेतली, तेव्हा पोलिसांनी त्याला ठाण्यात नेले. हजार धावांचे कौतुक करणाऱ्या समाजाला हजारवीराच्या सरावाचे मैदान राखता आले नाही. पुढे खेळ घसरला, आणि २०१७ मध्ये शिष्यवृत्ती थांबवा असे त्याच्या वडिलांनीच असोसिएशनला कळवले. एवढ्या मोठ्या अपेक्षांचा हिशेब चुकता केला तो त्या एका कुटुंबाने. अपेक्षा ठेवणाऱ्यांचे काय गेले? ते पुढच्या ‘सचिन’च्या शोधाला लागले.

आशा ठेवू नये असे कोण म्हणेल? सातपुड्याच्या पायथ्याच्या पोरांना तर ती हवीच. पण आशेला थोडी झीज सोसावी लागते. गणपतीची वर्गणी आपण मूर्तीचे विसर्जन होणार हे ठाऊक असूनही भरतो. मुलाच्या बाबतीत मात्र तो ‘मोठा’ होणार याची खात्री असली तरच हात खिशाकडे जातो. त्याचे काही झाले नाही तरी चालेल, असे मानून बूट, चेंडू, प्रवासखर्च आणि एका बऱ्या प्रशिक्षकाचे मानधन यांसाठी वर्गणी निघायला हवी. तालुक्याचे मैदान सभा-मांडवांपासून वाचवणे हीसुद्धा वर्गणीच.

तेव्हा फलक लावणाऱ्यांना एकच अट असावी: फलकाला जेवढा खर्च, तेवढीच रक्कम मैदानाला. ज्याला ती जड वाटते, त्याने निदान पोरगा स्पर्धा खेळून परत येईपर्यंत छपाईवाल्याला फोन करू नये.