बागेतला हौद बुजवू नका



आपल्या मावळात जुन्या बंगल्यांच्या बागा, शाळा, कचेऱ्या, देवळांची आवारे पाहिली तर कुठे ना कुठे माशांचा हौद दिसतो. बांधला तेव्हा त्यात कमळे होती, मासे होते, पोरेसोरे काठावर बसून चुरमुरे टाकीत. आज त्यात काय आहे? पालापाचोळा, फुटक्या कुंड्या, आणि पावसाळा सरला की डासांच्या अळ्या. मग कुणीतरी शहाणा म्हणतो, "कशाला ही ब्याद ठेवायची? दोन ट्रॉल्या मुरूम टाका अन् बुजवा!" बुजवणे एका दिवसाचे काम आहे. आमचे म्हणणे एवढेच, की तो दिवस उजाडू देऊ नका.

आपल्याच तालुक्यातले उदाहरण घ्या. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी वलवणचे धरण झाले आणि १९१५ साली खोपोलीला वीज तयार होऊ लागली. त्याच वलवणच्या बागेलगत १९७० नंतरच्या काळात महसीर माशाचे बीज तयार करण्याचे केंद्र उभे राहिले. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी तेथे मोठे काम केले. मादीची अंडी काढायची, उथळ तबकांत वाहत्या पाण्याखाली ठेवायची, पिल्ले हौदांत वाढवायची आणि मग जलाशयांत सोडायची, असा तो खटाटोप. ह्या जातीचे वर्णन कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केले. म्हणजे मासा आपल्या जिल्ह्याचा. जगाच्या लाल यादीत एके काळी तो धोक्यात आलेल्यांत होता. २०१८ च्या फेरतपासणीत तो त्या वर्गातून बाहेर आला. नेटाने सांभाळलेल्या हौदाची ताकद ही अशी.

पण ह्याच गोष्टीला दुसरी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. लोणावळ्याची पिल्ले दूर कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा मोठा महसीर आज नामशेष होण्याच्या काठावर आहे, आणि बाहेरून आलेल्या महसीरनेच त्याची जागा घेतली, असे अभ्यासक म्हणतात. मासा चांगला, हेतू चांगला, पाणी मात्र दुसऱ्याचे! तेव्हा हौदात काय सोडायचे, ह्यापेक्षा हौदातून बाहेर काय जाईल, हा विचार आधी करावा.

मावळात तर तो करावाच लागतो. लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तीन फूट खोल हौद एका पावसाळ्यात नुसत्या आभाळाच्या पाण्याने चार वेळा भरून वाहील. वाहिला की मासे ओढ्यात, आणि ओढा इंद्रायणीत किंवा पवनेत. देहूला भाविकांनी जी नदी मासे राखून जपली, तिच्यात आपल्या बागेतला परका मासा जाता कामा नये. म्हणून सांडव्याची नळी हवीच आणि तिच्या तोंडाला बारीक जाळी हवी. मागूर म्हणून विकला जाणारा परदेशी मासा तर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. तो हाती लागेल तो जीव खातो आणि त्याच्या पैदाशीवर आपल्या देशात बंदी आहे. महसीरही हौदाचा मासा नव्हे, त्याला वाहते पाणी लागते.

आता दुरुस्तीचे. दहा बाय आठ फुटांचा, तीन फूट खोल हौद धरला तर त्यात सुमारे ६,८०० लिटर पाणी मावते. आधी गाळ उपसा. तो फेकू नका, नारळा-आंब्याच्या आळ्यात घाला. भेगा सिमेंटने भरून घ्या, पण लगेच मासे सोडू नका. नव्या सिमेंटचा खार पाण्यात उतरतो आणि मासे मरतात. चार-सहा दिवस पाणी भरून ठेवा, सोडून द्या, पुन्हा भरा, असे तीन-चार वेळा करा. शेततळ्यात चुना टाकतात म्हणून इथेही टाकायची घाई नको. नळाचे पाणी असेल तर औषध उडून जाण्यासाठी दोन दिवस थांबा. हौदाचा काही भाग सावलीत हवा. मासे थोडे सोडा. पाच मिनिटांत संपेल एवढेच खाणे घाला. पहाटे मासे वर येऊन तोंडे मिटू-उघडू लागले, की पाण्यातला प्राणवायू कमी पडला असे समजा आणि निम्मे पाणी बदला. डासांसाठी आरोग्य खात्याचे गप्पी मासे चालतील, मात्र जाळी पक्की असेल तरच. आणि लहान मुलांसाठी हौदाला कठडा विसरू नका.

आणखी एक गोष्ट, ती आपल्या शेताशी निगडित आहे. ज्या पाटात आपण फवारणीचा पंप धुतो, ज्या चारीतून उसाचा युरिया वाहून जातो, तिचे पाणी हौदात घेऊन बघा. हिरवा तवंग येईल, नाही तर मासे उताणे पडतील. ओढ्यात मळीचे पाणी गेले की मासे मरतात, हे तर कारखानदारीतल्या माणसाला कुणी सांगायला नको. उसाचे वजन काट्यावर कळते, पाण्याची प्रत माशावर कळते. हा काटा आपण फेकून दिला, तर विहिरीत काय उतरते आहे ते आपल्याला उशिरा कळेल. आणि ते पाणी आपलीच घरे पितात.

म्हणून आमची सूचना अशी. गाळप हंगाम आटोपला की मृगाच्या आत थोडी उसंत असते. त्या दिवसांत प्रत्येक गटाने आपल्या गावातला एक पडीक हौद, शाळेचा असो वा देवळाचा, श्रमदानाने साफ करावा. खर्च म्हणाल तर एक-दोन पोती सिमेंट, नळीचा तुकडा आणि जाळी. खरे काम पुढचे आहे, ते म्हणजे रोज बघण्याचे. ते शाळेतल्या मुलांकडे सोपवा. मोठी माणसे विसरतील, मुले विसरणार नाहीत.