देशोदेशींचे संसार : न वितळणाऱ्या गावात

बदलीचा हुकूम आला की सरकारी नोकराच्या घरात जी धांदल उडते, ती आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. नागपूरहून शिलाँगला किंवा पुण्याहून जोधपूरला बिऱ्हाड हलवावयाचे म्हणजे गृहिणीपुढे पहिला प्रश्न पाण्याचा, दुसरा भाजीपाल्याचा आणि तिसरा शेजारणीच्या भाषेचा. दोन-तीन महिन्यांत तिन्ही सुटतात. वाणी ओळखीचा होतो, मुले नव्या भाषेत भांडू लागतात, आणि पुढल्या बदलीच्या वेळी तेच गाव सोडवत नाही. ज्या कुटुंबांची हकीकत आज सांगावयाची आहे, त्यांच्यापुढेही प्रश्न हेच होते. मात्र त्यांच्या नव्या गावी वाणी नव्हता, हिरवे पान नव्हते, पाणी दगडासारखे गोठलेले होते, आणि वर्षातून तीन महिन्यांहून अधिक काळ सूर्यच उगवत नव्हता.

हे गाव कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाला, एल्समियर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. नकाशात त्याचे नाव ग्रीस फिओर्ड. तेथील इन्युइट लोक त्याला ‘आउयुइत्तुक’ म्हणतात. म्हणजे जे कधीच वितळत नाही ते ठिकाण. पूर्वीच्या पुस्तकांतून ज्यांचा उल्लेख ‘एस्किमो’ असा होत असे तेच हे लोक. ते नाव त्यांना आवडत नाही. ‘इन्युइट’ या शब्दाचा अर्थ नुसता ‘माणसे’ असा आहे.

१९५३ सालापूर्वी या जागी वस्ती नव्हती. जी कुटुंबे तेथे गेली ती मूळची क्वेबेक प्रांताच्या उत्तर भागातील इनुक्जुआकची. ते गाव हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा १९२२ सालचा सुप्रसिद्ध मूकपट याच परिसरात चित्रित झाला. थंडी तेथेही कडाक्याची. परंतु भर हिवाळ्यातही सूर्य रोज काही तास दिसे. नदीत मासे होते, वसंतात बदके आणि हंसक येत, उन्हाळ्यात बायकामुले टेकड्यांवर रानफळे वेचावयास जात. व्यापारी ठाणे होते, शाळा होती, दवाखाना होता. मुख्य म्हणजे नातलग होते. पांढऱ्या कोल्ह्याच्या कातड्याचा भाव पडल्यामुळे मात्र पुष्कळांची ओढगस्त चालली होती आणि काहींना सरकारी मदतीवर अवलंबून राहावे लागे.

तेव्हा पोलीस अधिकारी घरोघर जाऊन सांगू लागले की, उत्तरेकडे शिकार विपुल आहे, तुम्ही तिकडे चला. दोन वर्षांत करमले नाही तर परत आणू. इन्युइट माणसाला त्या काळी पोलिसाला ‘नाही’ म्हणणे जड जाई. सरकारच्या म्हणण्याप्रमाणे हेतू निव्वळ लोकांच्या पोटापाण्याचा होता. पण त्या वर्षांत उत्तर ध्रुवाकडील बेटांवर अमेरिकी सैन्याचा वावर वाढला होता, आणि त्या निर्जन बेटांवर आपली प्रजा नांदते असे दाखविण्याची कॅनडाला निकड होती, असे मानणारे पुष्कळ आहेत. दोन्ही कारणे असू शकतील. परंतु ज्यांना न्यावयाचे त्यांना दुसरे कारण कोणी सांगितले नाही, हे निश्चित.

१९५३च्या उन्हाळ्यात ‘सी. डी. हौ’ नावाच्या जहाजातून सात-आठ कुटुंबे निघाली. हे जहाज दरवर्षी उत्तरेकडील वस्त्यांना औषधोपचार व सामान पुरवीत असे. वाटेत बॅफिन बेटावरील पाँड इनलेट येथून आणखी तीन कुटुंबे घेण्यात आली. हे लोक अधिक उत्तरेचे. अंधारातील शिकार त्यांना ठाऊक होती, म्हणून त्यांनी नवख्यांना शिकवावे अशी योजना होती. ऑगस्ट संपत आला असता, एल्समियर बेटाजवळ आल्यावर, या मंडळींना प्रथमच कळले की सर्वांना एकाच ठिकाणी उतरावयाचे नाही. काहींनी येथे राहावयाचे, काहींनी सुमारे चारशे किलोमीटर दूर कॉर्नवॉलिस बेटावरील रेझोल्यूट येथे जावयाचे. भाऊ एकीकडे, भाऊ दुसरीकडे. जहाजावर बायका रडू लागल्या आणि त्यांचे ऐकून कुत्रीही ओरडू लागली, अशी आठवण त्या वेळी पाच-सहा वर्षांचे असलेले जॉन अमागोआलिक पुढे सांगत असत. हेच अमागोआलिक मोठेपणी इन्युइटांचे पुढारी झाले, आणि १९९९ साली निर्माण झालेल्या नुनावुत या प्रदेशाचे ते जनक समजले जातात.

आता संसाराकडे वळू. घर म्हणजे कापडी तंबू. बर्फाचे घर बांधावयाला घट्ट, वाऱ्याने दाबलेला बर्फ लागतो. तसा तो वेळेवर मिळेना, म्हणून पहिला हिवाळा कित्येकांनी तंबूतच काढला. इनुक्जुआकला चुलीसाठी खुरटी झुडपे व लाकडाचे तुकडे मिळत. येथे काडी नाही. सीलच्या चरबीवर जळणारा अर्धचंद्राकार दगडी दिवा, ‘कुल्लिक’, हीच चूल, हीच शेगडी आणि हाच उजेड. वात सारखी करीत बसणे हे घरधनिणीचे काम. पाणी आणावयाचे म्हणजे समुद्रात अडकलेल्या हिमनगापर्यंत जावयाचे, त्याचे तुकडे फोडावयाचे, घरी आणून वितळवावयाचे. आपल्याकडे आडावरून दोन घागरी आणणारी बाई दमते. येथे घागर भरण्यापूर्वी पाणी फोडावे लागे.

खाण्याचे हाल निराळेच. सील, वॉलरस व पांढरे अस्वल मिळे; पण अठराशे-दोन हजार किलोमीटर दक्षिणेकडून आलेल्या जिभेला मासे, पक्षी, अंडी आणि रानफळे आठवत. कस्तुरी बैल समोर चरताना दिसत, मात्र त्यांची शिकार कायद्याने बंद होती. रेनडियरच्या जातीचा कॅरिबूही मोजकाच मारण्याची परवानगी होती. ज्या विपुल शिकारीसाठी आणले तिच्यातील निम्मी अशी कुलपात! दुकान म्हणजे पोलिसांच्या ताब्यातील कोठार. कोल्ह्याची कातडी द्यावी आणि पीठ, चहा, काडतुसे घ्यावीत. माल संपला की पुढल्या वर्षीच्या जहाजाची वाट पाहावयाची. रेझोल्यूट येथे विमानदलाचा तळ होता. तेथील उकिरड्यावर टाकलेले अन्न आणि लाकडी फळ्या तेवढ्या उपयोगी पडत. त्या फळ्यांची पुढे घरे झाली.

अंधाराविषयी मात्र कोणीच पुरेसे सांगितले नव्हते. नोव्हेंबरच्या आरंभी मावळलेला सूर्य फेब्रुवारीत, महिन्याचा पहिला आठवडा उलटल्यावर दिसतो. चंद्राच्या प्रकाशात कुत्र्यांची गाडी हाकावयाची, सीलचे श्वासाचे छिद्र चाचपून शोधावयाचे, आणि अस्वलाची चाहूल कुत्र्यांच्या भुंकण्यावरून ओळखावयाची, हे पाँड इनलेटच्या मंडळींनी शिकविले. तरी दोन्ही गटांत सुरुवातीला मनमोकळेपणा नव्हता. बोली निराळी, रीती निराळ्या, जेवणाची आवड निराळी. आपल्याला शिकविण्यासाठी परकी माणसे आणली आहेत, हे इनुक्जुआकच्या जाणत्या शिकाऱ्यांना कसे रुचावे? काळाने ते मिटले. पुढे सोयरिकी झाल्या, कारण दुसरी स्थळे होतीच कोठे? दहा-बारा घरांच्या वस्तीत मुलामुलींची लग्ने जमविणे ही वडीलधाऱ्यांची मोठी चिंता होऊन बसली होती. नातेगोते बघून स्थळ शोधणाऱ्या आपल्या वाचकांना तिचे गांभीर्य सहज कळेल.

दोन वर्षे झाली. परत जाण्याची विचारणा झाली, पण जहाज कोणाला न्यावयास आले नाही. उलट १९५५ साली आणखी कुटुंबे आली. एकूण संख्या नव्वदीच्या घरात गेली. त्या दुसऱ्या खेपेत जोसेफी फ्लाहर्टी होता. वर उल्लेखिलेल्या चित्रपटकाराचा हा इन्युइट स्त्रीपासून झालेला मुलगा. बापाने जगाला दाखविलेले गाव मुलाला असे सोडावे लागले.

रेझोल्यूटला गेलेल्यांत मार्कूसी पात्साउक नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता. तो पुढे वैमानिक झाला, आणि १९७० साली त्याची एका तरुण शिकाऱ्यावरील कादंबरी इंग्रजीत प्रसिद्ध झाली. या छोटेखानी पुस्तकाची भाषांतरे हिंदीत आणि आपल्या मराठीतही झाली आहेत. लॅरी आउडलालुक हा दुसरा मुलगा. तो ग्रीस फिओर्डला आला तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. वर्षाच्या आत त्याचे वडील वारले. त्याने मात्र हे गाव सोडले नाही, आणि २०२० साली आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले.

सरकारदरबारी दाद लागावयास फार वर्षे गेली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस काही कुटुंबांना सरकारी खर्चाने इनुक्जुआकला परत नेण्यात आले. १९९३ साली शाही आयोगापुढे या लोकांनी आपली कहाणी सांगितली. १९९६ साली एक कोटी डॉलरचा निधी देण्यात आला. आणि १८ ऑगस्ट २०१० रोजी कॅनडा सरकारने इनुक्जुआक येथे जाहीर क्षमा मागितली. परत जाण्याने मात्र नवाच पेच उभा राहिला. आईबाप जन्मगावी गेले, पण मुले उत्तरेत वाढलेली. त्यांचे संसार, त्यांची शिकारीची रानेवने इकडची. जहाजाच्या डेकवर जी ताटातूट झाली ती पुन्हा झाली, या वेळी विमानतळावर.

आज ग्रीस फिओर्डची वस्ती दीडशेच्या आत आहे. २०२१च्या शिरगणतीत ती १४४ भरली. लाकडी घरे आहेत, शाळा आहे, सहकारी दुकान आहे. ओढ्याचे पाणी उन्हाळ्यात मोठ्या टाक्यांत भरून ठेवतात आणि ते वर्षभर पुरवावयाचे असते. डोंगरांच्या मधोमध असलेल्या आखूड धावपट्टीवर छोटे विमान उतरते, तेही हवा चांगली असेल तर. बाळंतपणासाठी गर्भवतीला कित्येक आठवडे आधी दूर पाठवितात. प्रदेशाची राजधानी इकालुइट सुमारे दीड हजार किलोमीटरांवर आहे. पहिली मुले घरी, नवरा घरी, आणि आपण परक्या गावी दिवस मोजीत बसावयाचे, हे तेथील प्रत्येक आईच्या वाट्याला येते. माहेरच्या बाळंतपणाची सवय असलेल्या आमच्या भगिनींना या व्यवस्थेचे काय वाटेल?

शिकार अद्याप चालते. कुत्र्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी बर्फावर धावणाऱ्या मोटारी आल्या आहेत. नारव्हेल माशासारख्या दिसणाऱ्या त्या शिंगवाल्या देवमाशाची कातडी चरबीसह कच्ची खातात, आणि ती मिळाली की घरोघर वाटा जातो. विमानाने आलेले दूध व फळे इतकी महाग पडतात की या वाट्याला नुसता रिवाज म्हणून चालणार नाही. तो घरखर्चाचा आधार आहे. अलीकडे समुद्र उशिरा गोठतो व लवकर फुटतो, त्यामुळे कोणत्या दिवशी बर्फावर पाऊल टाकावे याचा म्हाताऱ्यांचा अंदाजही चुकू लागला आहे.

आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करतात, तशी तेथे जहाजाची यादी करतात. पीठ, साखर, लहानग्यांची दुपटी, यंत्रांचे सुटे भाग, सारे काही कित्येक महिने आधी मागवावे लागते. विसरले ते वर्षभर विसरले. उन्हाळ्याच्या अखेरीस जहाज येते तेव्हा सारे गाव किनाऱ्यावर जमते. तेथेच २०१० साली उभारलेला दगडी पुतळा आहे, लूटी पिजामिनी या स्थानिक शिल्पकाराने घडविलेला : एक बाई, तिचे मूल आणि एक कुत्रा. रेझोल्यूटला त्याच वर्षी दुसरा पुतळा उभा राहिला, तो एकट्या पुरुषाचा आहे.