हलगी आधी शेकावी

स्नेअर ड्रमचा आवाज दणकेबाज कसा करावा, हा घरच्या संगणकावर गाणी करणाऱ्या तरुणांचा नेहमीचा प्रश्न. उत्तरेही ठरलेली : अमुक सॅम्पल घ्या, तमुक प्लगइन लावा, आवाज आणखी चढवा. मला हे पटत नाही. या प्रश्नाचे उत्तर सदलग्याच्या पट्ट्यात हलगीवाल्याच्या हातात आहे, असे माझे मत आहे.

सदलगा हे चिकोडी तालुक्यातले, दूधगंगेकाठचे गाव. निपाणी जवळ, कोल्हापूरही फार लांब नाही. या भागात मराठी आणि कानडी एकाच बाजारात नांदतात. आपण हलगी म्हणतो, कानडी माणूस हलगे म्हणतो. भाषेवरून कितीही भांडलो तरी नाद एकच.

हलगी म्हणजे एक कडे आणि त्यावर ताणलेले चामडे. एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्यात लांब बारीक काडी. टिपरू घाव घालते, काडी तडतडते. पाश्चात्त्य स्नेअरची घडणही अशीच आहे. वरच्या पडद्यावर काठीचा घाव बसतो आणि खालच्या पडद्याला टेकलेल्या तारा थरथरतात.

वाजवण्याआधी हलगी जाळावर शेकतात. ओलावा गेला की चामडे ताणले जाते आणि आवाज टणक होतो. दमट हवेत चामडे कसे सैल पडते, हे घुमट वाजवणाऱ्या आम्हां गोवेकरांना सांगायला नको. सैल चामडे ध्वनिमुद्रित करून मग यंत्राकडून दणका मागणे म्हणजे कच्चा भात पुन्हा पुन्हा वाढण्यासारखे आहे.

यंत्र वापरावे, पण जाणून. स्नेअरचे अंग साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असते आणि तडाखा २,००० ते ५,००० च्या पट्ट्यात. कॉम्प्रेसरने आवाज तत्काळ दाबला तर पहिला घावच मरतो. त्याला १० ते ३० मिलिसेकंद उशिरा दाबू द्यावे. १९८० साली पीटर गॅब्रिएलच्या गाण्यात फिल कॉलिन्सने ड्रम वाजवले आणि ह्यू पॅडगम यांनी खोलीचा घुमारा मध्येच कापला. पुढे दशकभर जगाने त्याची नक्कल केली. त्या दणक्याचे बळ मागून येणाऱ्या शांततेत होते. आजच्या डीजेच्या भिंतींना नेमके हेच कळत नाही. सगळेच मोठे वाजले की काहीच मोठे उरत नाही.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. हलगी प्रामुख्याने मातंग समाजाने जपली. गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवले आणि त्यांच्या वाद्यावाचून जत्रा मात्र भरवली नाही. आता त्यांचा नाद सॅम्पल होऊन विकला जातो आणि वादकाचे नाव कुठेच नसते. ही जुनीच वेस नव्या रूपात आली, असे मी म्हणेन.

म्हणून माझे सांगणे एवढेच. सॅम्पल शोधण्यापूर्वी हलगीवाल्याला स्टुडिओत बोलवा, हलगी शेकायला वेळ द्या, योग्य मानधन द्या आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव घाला. मग कॉम्प्रेसरला फारसे काम उरणार नाही.