माळ्यावरचा वॉकर

परवा शेजारच्या काकू नातवाचा वॉकर घेऊन दारात हजर. "ठेव गं, आमचा दहाव्या महिन्यात उभा राहिला. तुझी अजून बसूनच!" वॉकर ठेवून घेतला (काकूंना नाही म्हणायची हिंमत कुठून आणू?) आणि रात्री माळ्यावर टाकला.

लेक साडेअकरा महिन्यांची. रांगली नाहीच. बसल्या बसल्या सरकत घर पालथं घालते. उभी धरली की पाय वर घेते. "प्रत्येक मूल वेगळं असतं" हे इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. अहो, पण किती वेगळं? जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात आधाराशिवाय उभं राहणं कुणाला सातव्या महिन्यात जमलं, तर कुणाला सतरावा उजाडला. वाचून हायसं वाटलं. पण त्याच तक्त्यात आधार धरून उभं राहण्याची मुदत साडेअकराच्या आसपास संपते. म्हणजे आम्ही अगदी काठावर! मग म्हटलं, धीर पुरे, डॉक्टर गाठू.

त्यांनी खुबे तपासले, दोन्ही पायांत सारखा जोर आहे का पाहिलं, स्नायू ढिले नाहीत ना ते पाहिलं. म्हणाले, बसून सरकणारी मुलं बरेचदा उशिरा उभी राहतात. घरात आणखी कुणी असं होतं का? सासूबाई लगेच, "हिचा बाप!" (नवरा गप्प.) पुढच्या महिन्यात परत बोलावलंय.

वॉकरबद्दल माझं मत ठाम आहे. त्यात मूल लोंबकळतं, चवड्यांनी जमीन ढकलतं, तोल सांभाळायची वेळच येत नाही. शिवाय जिन्यावरून पडण्याचा धोका. कॅनडाने तर २००४ मध्ये विक्रीवरच बंदी घातली. आपला जुना पांगुळगाडा वेगळा. तो ढकलायला आधी स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. त्याची पाळी नंतर.

सध्या आमचा सगळा कारभार सतरंजीवर. लेकीला माझ्या मांडीवर बसवते, तळवे जमिनीला टेकलेले, अनवाणी. समोर पाटावर वाटी-चमचा. ती घ्यायला पुढे वाकली की वजन आपोआप पायावर येतं. हात धरून ओढत नाही, कमरेला नुसता हात. कंटाळली की बंद. दिवसातून चार-पाचदा, तेही जेमतेम दोन मिनिटं.

काल दिवाणावर बाबाच्या चष्म्याची डबी होती. ही सरकत गेली, दिवाणाची कड धरली, गुडघ्यांवर आली. एक पाय पुढे टाकला. मी श्वास रोखून बघतेय...

आणि बसली धपकन. डबी मात्र हातात!