इंग्रजी शिकवण्याची लायकी जन्मावरून ठरते काय?

दुबई, अबुधाबी, दोहा येथील शाळांना इंग्रजीचे शिक्षक हवेत, अशा जाहिराती आपल्या तरुणांच्या मोबाईलवर रोज येऊन पडतात. पदवी हवी, बी.एड. हवे, दोन वर्षांचा अनुभव हवा, या अटी समजण्यासारख्या आहेत. परंतु त्यांच्या खाली अनेकदा आणखी एक ओळ असते : अर्जदार 'नेटिव्ह स्पीकर' असावा. म्हणजे काय? तर ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका अशा मोजक्या देशांपैकी एकाचा पासपोर्ट त्याच्याकडे असावा. नायजेरियाची राजभाषा इंग्रजी आहे, पण तिथला शिक्षक या यादीत बसत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयांचे कामकाज राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानुसार इंग्रजीत चालते, तरीही त्या न्यायालयात युक्तिवाद करणाऱ्या माणसाला दुबईतल्या दुसरीच्या वर्गाला इंग्रजी शिकवण्यास ही ओळ अपात्र ठरवते. तुला काय येते, हा प्रश्न इथे नंतरचा आहे. पहिला प्रश्न, तू कुठे जन्मलास? या प्रश्नाची ओळख आपल्या वाचकांना करून देण्याची गरज नाही.

आपल्याच शाळांत 'आनी' आणि 'पानी' म्हणणाऱ्या पोराला मास्तरांनी उभे करून हसवून घेतले, तेव्हाही हाच प्रश्न होता. त्याला मराठी येत नव्हते असे नाही. त्याची मराठी ज्या घरात जन्मली ते घर मास्तरांना मान्य नव्हते. आता तेच पोर इंग्रजीत एम.ए. झाले, तर त्याला 'ॲक्सेंट'चा मुद्दा सांगितला जातो. न आणि ण यांचा हिशेब समुद्रापार गेला एवढेच.

वसई पूर्वेला महामार्गाच्या आसपास सातिवली, गोखिवरे, वालीव हा सगळा औद्योगिक गाळ्यांचा पट्टा आहे. कोकण, मराठवाडा, खानदेश, विदर्भातून आलेल्या आपल्या माणसांनी या गाळ्यांतल्या मशीनवर आयुष्य घालवले आणि मुलांना शिकवले. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. 'मराठीचा गळा घोटला' म्हणून ज्यांनी त्या वेळी ओरड केली, त्यांची स्वतःची मुले कोणत्या माध्यमात शिकत होती, हे त्यांनाच ठाऊक. त्या वर्षी पहिलीत बसलेले मूल आज तिशी ओलांडून गेले आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत इंग्रजीची मुळाक्षरे गिरवलेली ही पिढी आज बी.ए., एम.ए., बी.एड. होऊन उभी आहे. मग तिच्यासाठी इथे काय आहे? खासगी अनुदानित शाळांतली भरती २०१२ नंतर वर्षानुवर्षे रोखली गेली. शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ पर्यंत ६ ते ९ हजार रुपयांवर अडकले होते, त्या वर्षी ते १६ ते २० हजार झाले. टीईटी द्यावी तर २०२१ साली तिच्या निकालाचाच बाजार उघडकीस आला. संस्थेत जागा निघाली की देणगीचा आकडा आधी कानावर येतो. आणि गल्लोगल्लीच्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत बाईंना मिळणारा पगार त्याच गल्लीतल्या वेल्डरपेक्षा कमी असतो. अशा स्थितीत सातिवलीच्या मुलीची नजर दुबईकडे वळली, तर त्यात गैर काय?

चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतात, शिकलेल्यांनी समाज सोडून जाऊ नये. त्यांच्या तळमळीविषयी आदर राखून विचारावेसे वाटते, १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेलेला तरुण समाज सोडून गेला होता काय? समुद्र ओलांडणे पाप, ही शिकवण आपली नव्हे, ती धर्मशास्त्रवाल्यांची. सातिवलीहून फार दूर नसलेले सोपारा हे प्राचीन बंदर आहे. बौद्ध परंपरेतला पूर्ण हा सोपाऱ्याचाच व्यापारी, समुद्रप्रवास करणारा. तिथल्या बुरुड राजाच्या कोटाखालचा स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला. पुढे अरब प्रवाशांच्या लिखाणातही हे बंदर सुबारा या नावाने येते. अरबांच्या मुलखाशी या किनाऱ्याचा संबंध पासपोर्टाच्याही आधीचा आहे.

तेव्हा जावे की जाऊ नये, हा वाद माझ्या दृष्टीने संपलेला आहे. कसे जावे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यात आपल्या मुलांची दोन दारांवर अडवणूक होते. पहिले दार जन्माचे. ते वर सांगितले. दुसरे दार कागदाचे आहे. त्याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होत नाही, आणि खरा घात तिथेच होतो.

आखातातल्या शाळा एकाच मापाच्या नाहीत. ब्रिटिश आणि अमेरिकन अभ्यासक्रमाच्या महागड्या शाळा 'नेटिव्ह'चा हट्ट धरतात. अबुधाबीच्या सरकारी शाळांनीही २०१० पासून 'न्यू स्कूल मॉडेल' आणले, तेव्हा इंग्रजी भाषक देशांतून मोठ्या संख्येने शिक्षक नेले. परंतु संयुक्त अरब अमिरातीत तीस लाखांहून अधिक भारतीय राहतात आणि त्यांच्या मुलांसाठी सीबीएसई अभ्यासक्रमाच्या पुष्कळ शाळा आहेत. तिथे भारतीय शिक्षक लागतात, पासपोर्टाचा रंग आड येत नाही. पगार मात्र ब्रिटिश शाळेच्या निम्म्याहून कमी असू शकतो. इंग्रजी तेच, तास तेवढेच, दाम मात्र जन्मभूमीप्रमाणे! अमिरातीच्या २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कामगार कायद्याने वंश, वर्ण, राष्ट्रीय किंवा सामाजिक मूळ यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. कायद्यात मनाई असूनही व्यवहारात प्रथा चालू, हेही आपल्याला नवे नाही. तरीसुद्धा आपल्या मुलांना सध्या उघडे असलेले दार या भारतीय शाळांचेच आहे.

पण या दारावरही पदवी कशी मिळवली, हे विचारले जाते. नियमित महाविद्यालयात बसून, की बाहेरून? आपल्या समाजातली किती मुले नियमित महाविद्यालयात बसू शकली? दिवसा सातिवलीच्या गाळ्यात पॅकिंग करायचे आणि रात्री अभ्यास करून मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षण संस्थेतून नाही तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घ्यायची, हीच आपल्या शेकडो मुलामुलींची वाट. आपल्या देशात यूजीसीच्या २०२० च्या विनियमांनी मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची ठरवली आहे. अमिरातीने ती बरोबरी मानण्याचे बंधन नाही. २०१८ च्या सुमारास तिथे आधीपासून शिकवत असलेल्या भारतीय शिक्षकांच्या, बाहेरून परीक्षा दिलेल्या पदव्या समकक्षतेसाठी अडल्या, नोकऱ्या धोक्यात आल्या आणि भारतीय दूतावासाला मध्ये पडावे लागले. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी वर्ग सकाळी ठेवले. कष्टकऱ्याची पदवी कमअस्सल ठरू नये, म्हणून त्यांनी त्याला वर्गातच बसवले. त्या निर्णयाचे मोल आज दुबईच्या खिडकीवर कळते. २०२२ साली भारत आणि अमिरात यांच्यात व्यापक आर्थिक भागीदारीचा करार झाला. सोन्याच्या दागिन्यांवरील आणि कापडावरील जकातीची चर्चा सर्वत्र झाली. बाहेरून शिकलेल्या शिक्षकाच्या पदवीचे काय, हा प्रश्न आपल्यापैकी कोणी लावून धरला?

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. मुलगी याच पट्ट्यातली, वडील प्रेस मशीनवर. बी.ए. दूरस्थ, बी.एड. नियमित, तीन वर्षे इंग्रजी शिकवण्याचा अनुभव, बोलणे स्वच्छ. एका एजंटाने १ लाख ६० हजार रुपये घेतले आणि तिला पर्यटक व्हिसावर पाठवले. सांगितले काय, तर 'तिथे गेल्यावर शाळा मिळेल'. आईचे दागिने गहाण पडले, उरलेली रक्कम पतपेढीतून काढली. तिथे दोन शाळांनी मुलाखत घेतली, वर्गात धडाही घ्यायला लावला, धडा आवडला. मग साक्षांकित पदव्या मागितल्या. त्या नव्हत्या. बी.ए. दूरस्थ म्हणून पुढचे बोलणेच थांबले. व्हिसाची मुदत संपायच्या आत ती परतली. पोलीस ठाण्यात गेली तर 'हा दिवाणी वाद आहे, वकील गाठा' असे सांगण्यात आले.

हा दिवाणी वाद नव्हे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याच्या कलम १० प्रमाणे नोंदणी नसलेल्या कोणालाही परदेशी नोकरीसाठी भरती करता येत नाही. हा कायदा केवळ गवंडी आणि मोलकरणीसाठी आहे, असा समज पसरवला गेला आहे. तो चुकीचा आहे. दहावी उत्तीर्ण माणसाला आखातात नोकरीला जाताना उत्प्रवास मंजुरी घ्यावी लागत नाही, एवढाच फरक. एजंटाची नोंदणी सुटत नाही. या कायद्याखालील गुन्हे दखलपात्र आहेत. खटल्याला एरवी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, परंतु फसवले गेलेला उमेदवार स्वतः किंवा त्याच्या वतीने आई, वडील, भाऊ, बहीण, पती, पत्नी तक्रार करत असतील तर ती लागत नाही. भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ वेगळे लागू होतेच. नोंदणीकृत एजंटालाही ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि अमिरातीचा कायदा तर भरतीचा खर्च मालकानेच करावा असे सांगतो. आता याच १९८३ च्या कायद्यातली शिक्षा पाहा : दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. दीड लाख लुटणाऱ्याला दोन हजार! ज्या सरकारांनी चाळीस वर्षे हा आकडा बदलला नाही, त्यांना परदेशी जाणाऱ्या गरिबाची किती काळजी आहे, हे वेगळे सांगायला नको.

परिचारिकांच्या बाबतीत सरकारला जाग आली. २०१५ पासून त्यांना आखातासारख्या देशांत जाताना शिक्षण कितीही असले तरी उत्प्रवास मंजुरी बंधनकारक झाली आणि खासगी एजंटांऐवजी सरकारी संस्थांमार्फत भरती सुरू झाली. केरळने १९७७ सालीच ओडेपेक ही स्वतःची भरती संस्था काढली होती. तिथला तरुण परदेशी जातो, तेव्हा विचारायला सरकारी दार तरी असते. आपल्या मुलांना कोण आहे? कोकणातल्या मुस्लिम कुटुंबांचे मामा-काका पिढ्यानपिढ्या आखातात आहेत. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांतही ही ओळख जुनी आहे. पुतण्या जातो तेव्हा करार वाचणारा काका तिथे बसलेला असतो. आपली पहिली पिढी निघाली आहे, तिला काका नाही. एजंट सापडतो तो म्हणून.

यासाठी बार्टीकडे मागणी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. स्पर्धा परीक्षांचे वर्ग ती चालवते, ते चालावेतच. त्याबरोबर इंग्रजी अध्यापनाचे जगभर चालणारे प्रमाणपत्र, साक्षांकनाचा खर्च आणि कराराची तपासणी एवढे तिने अंगावर घ्यावे. आणि बुद्धविहारांच्या समित्यांनी वर्षातून चार व्याख्याने कमी ठेवून रविवारी दोन तास एक टेबल मांडावे. वकील आपल्यात कमी नाहीत. मी स्वतः सातिवलीत बसायला तयार आहे.

टेबलावर पहिले काम नावांचे निघेल, हे अनुभवाने सांगतो. शाळेच्या दाखल्यावर जुने आडनाव, पदवीवर नवे, पासपोर्टवर लग्नानंतरचे. कुठे 'हिंदू महार', कुठे 'बौद्ध'. आडनाव बदलणे हा आपल्या आजोबांचा स्वाभिमान होता, परंतु साक्षांकनाच्या खिडकीवर तीन नावांची एक बाई तीन बायका ठरते. राजपत्रात नावबदल नोंदवून सगळे कागद आधी एका नावावर आणावेत. त्यानंतर पदवीवर राज्य शासनाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या दूतावासाचा शिक्का. एजंटाची नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. शंका असल्यास वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात उत्प्रवासी संरक्षकांचे कार्यालय आहे. पर्यटक व्हिसावर काम करणे तिथे बेकायदा आहे, म्हणून तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातील नेमणूकपत्र हाती येईपर्यंत कोणालाही रुपया देऊ नये. ज्यांची बी.ए. दूरस्थ आहे त्यांनी पैसे गुंतवण्याआधी त्या शाळेकडूनच लेखी विचारून घ्यावे, की ही पदवी चालते काय. तिथल्या भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि शिक्के मिळायला आठवडे जातात, त्यामुळे पुढच्या एप्रिलचा विचार असणाऱ्यांनी दिवाळी संपताच कागद काढायला घ्यावेत.